अस्त्र कोण आवरणार?

युद्ध मनुष्यजातीइतकें जुनें आहे, आणि युद्धांत काय करूं नये हें सांगणारे नियमही जवळजवळ तितकेच जुने आहेत. झोंपलेल्यावर, निःशस्त्रावर, पाठ फिरविलेल्यावर आणि हात जोडून शरण आलेल्यावर प्रहार करूं नये, असें मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत सांगितलें आहे. विषारी व कांटेरी बाणही तेथें निषिद्ध मानले आहेत. पहिला खलीफा अबू बक्र यानें शाम देशाकडे निघालेल्या सैन्यास बजाविलें कीं, बायका, मुलें व वृद्ध यांस मारूं नका आणि फळझाडें तोडूं नका. युरोपांत इ. स. ११३९ च्या लॅटरन धर्मपरिषदेनें यांत्रिक धनुष्याचा वापर ख्रिस्ती लोकांवर करण्यास मनाई केली. देश निराळे, धर्म निराळे, शस्त्रें निराळीं. परंतु या सर्व नियमांत एक गोष्ट इतकी गृहीत धरलेली आहे कीं, ती बोलून दाखविण्याची गरजच कोणास वाटली नाहीं. ती ही कीं, शस्त्र चालविणारा मनुष्य असतो. त्याला समोरचे जोडलेले हात दिसतात, त्याला दया येऊं शकते, लाज वाटूं शकते, आणि पुढें कोणीं विचारलें तर त्याला उत्तर द्यावें लागतें.

आज ही गृहीत गोष्टच डळमळूं लागली आहे. म्हणून ज्यांस ‘स्वायत्त शस्त्रें’ म्हणतात त्यांचा विचार या महिन्याच्या सदरांत करण्याचें योजिलें आहे. विषय रणांगणाचा असला तरी तो आपल्या घरापर्यंत कसा येऊन पोंचतो, हें शेवटीं दिसून येईल.

प्रथम स्वायत्त शस्त्र म्हणजे काय तें पाहूं. एकदां कामास लावलें म्हणजे जें आपलें लक्ष्य आपणच शोधतें, आपणच निवडतें, आणि मनुष्याच्या दुसऱ्या आज्ञेची वाट न पाहतां त्यावर आघात करितें, तें स्वायत्त शस्त्र. त्याचें कार्य समजण्यास कठीण नाहीं. यंत्राला कॅमेरा असतो, रडार असतें, उष्णता ओळखणारें उपकरण असतें. त्यांच्याकडून आलेली आकृति तें आपल्याजवळ साठविलेल्या नमुन्याशीं ताडून पाहतें, आणि ठरविलेल्या मर्यादेइतकें साम्य आढळलें कीं प्रहार करितें. या अर्थानें पाहिल्यास जमिनींत पुरलेला सुरुंग हें या जातीचें सर्वांत जुनें व सर्वांत अडाणी शस्त्र होय. पायाचा दाब एवढाच त्याचा नमुना. तो पाय शिपायाचा कीं गुराख्याच्या पोराचा, हें त्याला कळत नाहीं. अमेरिकेच्या युद्धनौकांवर १९८० पासून बसविलेली ‘फॅलँक्स’ तोफ अंगावर येणारें क्षेपणास्त्र आपण होऊन ओळखते व पाडते. इस्रायलचें ‘हार्पी’ हें विमानवजा शस्त्र आकाशांत घिरट्या घालीत शत्रूचें चालू असलेलें रडार हुडकतें आणि त्यावर जाऊन कोसळतें. हीं यंत्रें मुख्यतः यंत्रांवरच चालतात. नवी गोष्ट ही कीं, चित्रें ओळखण्याची संगणकाची शक्ति वाढल्यामुळें आतां नमुना म्हणून माणूसच यंत्राच्या पुढें ठेवतां येईल, अशी स्थिति आली आहे.

या प्रश्नाची चर्चा जिनीव्हा येथें १९८० च्या एका शस्त्रविषयक कराराखालीं २०१४ पासून चालूं आहे. २०१७ मध्यें तेथें सरकारी तज्ज्ञांचें मंडळ काम करूं लागलें, आणि पहिलीं दोन वर्षें त्याचें अध्यक्षपद भारताचे राजदूत अमनदीपसिंग गिल यांजकडे होतें. २०१९ मध्यें या मंडळानें अकरा मार्गदर्शक तत्त्वें मान्य केलीं. शस्त्राच्या वापराची जबाबदारी मनुष्यावरच राहिली पाहिजे, ती यंत्रावर ढकलतां येणार नाहीं, हें त्यांतील एक तत्त्व होय. येथपर्यंत सर्वांचें एकमत आहे. मतभेदास आरंभ होतो तो यापुढच्या एका शब्दावरून.

कित्येक राष्ट्रें आणि शस्त्रबंदीसाठीं झटणाऱ्या संस्था म्हणतात कीं, प्रत्येक आघातावर ‘अर्थपूर्ण मानवी नियंत्रण’ असलें पाहिजे. अमेरिका हा शब्दप्रयोग टाळते. तिच्या संरक्षण खात्यानें २०१२ मध्यें काढलेल्या आणि २०२३ मध्यें सुधारलेल्या आज्ञापत्रांत ‘योग्य त्या प्रमाणांत मानवी विवेक’ अशा अर्थाचे शब्द आहेत. आणि योग्य प्रमाण म्हणजे किती, हें प्रसंगावर सोंपविलें आहे. चीननें २०१८ मध्यें आपली व्याख्या मांडली. तीनुसार शस्त्र प्राणघातक असावें, त्यांत मनुष्याचा हात मुळींच नसावा, एकदां सुरू केल्यावर तें थांबवितां येऊं नये, त्याचा मारा सरसकट असावा, आणि तें आपण होऊन शिकत जावें. अशीं सर्व लक्षणें असतील तेंच खरें स्वायत्त शस्त्र. ही व्याख्या इतकी अरुंद आहे कीं, तिच्या दारांतून आंत येईल असें शस्त्र बहुधा कोणी बनविणारच नाहीं. मग बंदी कशावर घालणार? व्हॅटिकनची भूमिका अगदीं दुसऱ्या टोंकाची आहे. मनुष्याचा प्राण घ्यावा कीं नाहीं हा निर्णय यंत्रानें घेणें हाच मनुष्यत्वाचा अपमान आहे, मग यंत्र कितीही अचूक असो, असें तें धर्मपीठ मानतें. पोप फ्रान्सिस यांनीं २०२४ च्या जून महिन्यांत इटलींतील जी-सात राष्ट्रांच्या परिषदेंत हेंच निक्षून सांगितलें. जपानांत यंत्रमानवाविषयीं जिव्हाळा फार. ओसामु तेझुका यांचा यंत्रबालक १९५२ पासून तेथील मुलांचा सवंगडी झाला. तथापि पूर्ण स्वायत्त प्राणघातक शस्त्रें बनविण्याचा आपला हेतु नाहीं, असें जपाननें २०१९ मध्यें जिनीव्हा येथें लेखी कळविलें. यंत्रावर प्रेम करणें निराळें आणि त्याच्या हातीं तरवार देणें निराळें, एवढा भेद त्या राष्ट्रानें ओळखला.

हे मतभेद पाहून कोणी म्हणेल कीं, ज्याची त्याची संस्कृति, ज्याची त्याची नीति. प्रत्येक राष्ट्रानें आपल्या संस्कारांस अनुसरून आपलें यंत्र घडवावें, यांत बिघडलें काय? हा युक्तिवाद वरवर उदार दिसतो, म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

संस्कृतीचे भेद खोटे नाहींत. आपोआप चालणाऱ्या मोटारीच्या बाबतींत याची एक मोठी पाहणी झाली, ती २०१८ मध्यें ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. अपघात अटळ असेल तर मोटारीनें कोणास वाचवावें, असा प्रश्न विचारून २३३ देश व प्रदेश यांतून सुमारें ४ कोटी उत्तरें गोळा करण्यांत आलीं होतीं. अधिक जीव वांचवावेत, जनावरापेक्षां माणसास वांचवावें, याविषयीं बहुतेक सर्वत्र एकवाक्यता दिसली. परंतु वृद्धापेक्षां तरुणास वांचवावें काय, या प्रश्नाला पूर्वेकडील देशांनीं पाश्चात्यांइतक्या जोरानें होकार दिला नाहीं. वडीलधाऱ्यांचा मान ज्या घरांत अजून टिकून आहे, त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

परंतु मोटार आणि शस्त्र यांत एक मूलभूत फरक आहे. मोटार ज्या गांवांत धांवते, त्याच गांवच्या लोकांना तिच्यापासून सुख होतें व धोकाही होतो. शस्त्राचें तसें नाहीं. तें घडवितो एक समाज आणि तें पडतें दुसऱ्याच समाजावर. तेव्हां शस्त्राच्या नीतींत कोणाच्या संस्कृतीचा विचार व्हावा? बनविणाऱ्याच्या, कीं ज्याच्या अंगणांत तें पडणार त्याच्या? आमच्या मतें या सर्व वादाचें मर्म या एका प्रश्नांत आहे, आणि जिनीव्हाच्या भाषणांत तोच प्रश्न फार क्वचित् ऐकूं येतो.

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. आपल्या देशाला त्याचा जुना अनुभव आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रशाळेंत १८९० नंतरच्या दशकांत इंग्रजांनीं एक नवी गोळी तयार केली. तिच्या टोंकावरचें कठीण धातूचें आवरण काढलेलें असे. त्यामुळें ती अंगांत शिरतांच पसरे आणि जखम भयंकर होई. वायव्य सरहद्दीवरच्या लढायांत ती वापरली गेली. १८९९ मध्यें हेग येथें भरलेल्या शांतता परिषदेंत या गोळीवर बंदी घालण्याचा ठराव आला, तेव्हां इंग्लंडचे लष्करी प्रतिनिधि सर जॉन आर्डा यांनीं तिचें समर्थन केलें. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, सुधारलेल्या देशाचा शिपाई गोळी लागली म्हणजे आपण जखमी झालों हें जाणून मागें हटतो; परंतु रानटी, धर्मवेडा मनुष्य गोळी खाऊनही तसाच अंगावर धांवून येतो; म्हणून त्याच्यासाठीं निराळी गोळी हवी. पाहा, संस्कृतिभेदाचा हा केवढा सोईस्कर उपयोग! भेद दाखवावयाचा तो दुसऱ्याच्या देहावर, आणि तो दाखविणार कोण, तर ज्याच्या हातीं बंदूक आहे तो. ठराव इंग्लंड व अमेरिका यांच्या विरोधास न जुमानतां संमत झाला, आणि इंग्लंडनेंही १९०७ मध्यें तो मान्य केला. ११३९ च्या लॅटरन परिषदेची मनाईही ख्रिस्ती लोकांपुरतीच होती, हें येथें ध्यानांत येईल. दयेचे नियम प्रत्येक समाज प्रथम आपल्यासाठीं करितो. ते परक्यासही लागूं करणें ही नंतरची आणि अधिक कठीण पायरी आहे.

याच हेग परिषदेंत रशियाचे कायदेपंडित मार्टेन्स यांच्या नांवानें ओळखलें जाणारें एक कलम पुढें आलें. करारांत ज्या गोष्टीचा उल्लेख नाहीं, तिच्या बाबतींतही मनुष्य हा भूतदयेच्या तत्त्वांच्या आणि लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीच्या संरक्षणाखालीं राहतो, असा त्याचा भावार्थ आहे. आज स्वायत्त शस्त्रांच्या चर्चेंत हेंच कलम वारंवार पुढें आणलें जातें. एकाच परिषदेंत एकीकडे निराळ्या माणसासाठीं निराळी गोळी मागितली गेली आणि दुसरीकडे सर्वांसाठीं एकच माणुसकी सांगितली गेली. स्वायत्त शस्त्रांच्या बाबतींत यांपैकीं कोणता वारसा आपण पुढें चालवावयाचा, हें आतां ठरवावयाचें आहे.

यंत्राच्या ठिकाणीं हा धोका दुणावतो. संगणकाला दिलेले नमुने कोणत्यातरी एका समाजाच्या नजरेनें निवडलेले असतात. हातांत शस्त्र म्हणजे शत्रु, असा नमुना एका देशांत ठीक वाटेल. परंतु शीख बांधवांची कृपाण हें धर्मचिन्ह आहे. आपल्याकडे कित्येक घराण्यांत नवरदेवाच्या हातीं कट्यार असते. आणि अफगाणिस्थानांत लग्नाच्या आनंदांत बंदुकांचे बार काढण्याची चाल आहे. २००२ च्या जुलै महिन्यांत उरुझगान प्रांतांतील देह रावुद येथें अशाच एका लग्नसमारंभावर अमेरिकन विमानानें मारा केला, आणि बायकामुलांसह कित्येक माणसें प्राणास मुकलीं. तेथें निर्णय घेणारीं माणसेंच होतीं, यंत्र नव्हतें. परंतु माणसाच्या त्या गैरसमजावर चौकशी होऊं शकली, त्याला नांव देतां आलें. तोच गैरसमज नमुन्याच्या रूपानें हजार यंत्रांत भरला गेला, तर तो गैरसमज राहणार नाहीं, रीत होऊन बसेल.

येथें विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकून घेणें न्यायाचें होईल, कारण तें पोरकट नाहीं. अमेरिकेंतील जॉर्जिया येथील यंत्रशास्त्रज्ञ रोनाल्ड आर्किन यांनीं असें प्रतिपादन केलें आहे कीं, यंत्राला राग येत नाहीं, तें सूड घेत नाहीं, भीतीनें अंधाधुंद गोळीबार करीत नाहीं. मग युद्धाचे नियम तें मनुष्यापेक्षांही अधिक कांटेकोरपणें कां पाळूं शकणार नाहीं? मनुष्याच्या हातून काय होतें, याचे दाखले आहेतच. १९८८ च्या ३ जुलै रोजीं ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकन युद्धनौकेनें इराणचें एक प्रवासी विमान पाडलें. २९० माणसें मेलीं, त्यांत ६६ मुलें होतीं. विमान वर चढत आहे असें यंत्राची नोंद सांगत होती. परंतु भांबावलेल्या माणसांनीं तें आपल्यावर खालीं येत आहे असें मानलें. याच्या उलट १९८३ च्या २६ सप्टेंबरची गोष्ट. सोव्हिएत रशियाच्या यंत्रणेनें अमेरिकेकडून पांच अण्वस्त्रें निघाल्याचा इशारा दिला. त्या रात्रीं कामावर असलेले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनीं तो खरा मानला नाहीं. खरें युद्ध सुरू करणारा केवळ पांचच अस्त्रें कां सोडील, असा साधा विचार त्यांनीं केला. पुढें कळलें कीं, ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशानें यंत्र फसलें होतें.

पहिल्या प्रसंगीं मनुष्य चुकला, दुसऱ्या प्रसंगीं यंत्र चुकलें. मग यांतून निष्कर्ष काय काढावयाचा? मनुष्य यंत्रापेक्षां अधिक अचूक असतो असा तर नव्हेच. मनुष्याच्या ठिकाणीं दोन गोष्टी असतात, त्या यंत्राच्या ठिकाणीं नसतात. एक, दिलेल्या नमुन्याच्या बाहेर जाऊन शंका घेण्याची शक्ति. आणि दुसरी, उत्तर देण्याचें ओझें. आपल्या भाषेंत रुळलेला ‘जबाबदारी’ हा फारसी वळणाचा शब्द आणि ‘उत्तरदायित्व’ हा संस्कृत शब्द, दोन्ही एकच गोष्ट सांगतात: ज्याला जबाब द्यावा लागतो, ज्याला उत्तर द्यावें लागतें, तो. यंत्र बिघडूं शकतें, बंद पडूं शकतें; तें जबाब देऊं शकत नाहीं.

आतां आपल्या परंपरेकडे वळूं. तिच्यांत या प्रश्नाचा विचार आहे, आणि तो केवळ गौरवाचा नाहीं, सावधगिरीचा आहे. द्रोणवधानंतर अश्वत्थाम्यानें नारायणास्त्र सोडलें, ही कथा पुराणश्रवण करणाऱ्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. जो शस्त्र टाकून रथाखालीं उतरेल त्याला तें अस्त्र मारीत नाहीं, आणि जो मनानेंही लढूं पाहील त्याला तें सोडीत नाहीं. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर, निवड करणारें आणि शरणागताला ओळखणारें असें हें आदर्श स्वायत्त शस्त्र! आर्किन यांना हवें असलेलें यंत्र याहून निराळें काय असणार? तरी भीम शस्त्र टाकीना, तेव्हां त्याला ज्वाळांनीं वेढलें, आणि त्याची सुटका अस्त्राच्या दयेनें झाली नाहीं. कृष्ण व अर्जुन यांनीं धांवत जाऊन त्याला ओढून खालीं काढलें, म्हणून तो वांचला. नियम अचूक असला तरी शेवटीं धांवून जाणारें कोणीतरी लागतें.

दुसरी कथा सौप्तिक पर्वांतील. अश्वत्थाम्यानें गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र योजलें, आणि अर्जुनानेंही उत्तरादाखल तेंच अस्त्र सोडलें. व्यास व नारद मध्यें उभे राहिले. अर्जुनानें आपलें अस्त्र परत घेतलें. अश्वत्थाम्याला तें साधेना, आणि त्यानें तें पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळविलें. दोघांचा गुरु एक, अस्त्र एक. फरक एवढाच कीं, एकाला सोडणें व आवरणें दोन्ही येत होतें आणि दुसऱ्याला सोडणेंच येत होतें. द्रोणाचार्यांनीं हें अस्त्र पुत्राला नाखुषीनेंच दिलें होतें, आणि कितीही संकट आलें तरी मनुष्यांवर तें योजूं नको असें बजावलें होतें. ज्याला उपसंहार येत नाहीं त्यानें प्रयोग करूं नये, असें शस्त्रनीतीचें सूत्र या कथेंतून सहज निघतें. चीनच्या व्याख्येंत ‘थांबवितां न येणें’ हें केवळ एक लक्षण आहे. आपल्या कथेंत तोच मुख्य दोष आहे.

परंतु येथेंच थांबून आपण आपली पाठ थोपटून घेतली, तर तो अप्रामाणिकपणा होईल. ज्या ग्रंथांत धर्मयुद्धाचे नियम आहेत, त्याच ग्रंथांत भीष्म, द्रोण व कर्ण यांचा वध नियम मोडून झाला आहे. मात्र त्या ग्रंथानें मोडलेल्या नियमाची नोंद ठेविली. अश्वत्थामा मेला हें अर्धसत्य धर्मराजाच्या तोंडून निघालें, तेव्हां पृथ्वीच्या चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेंकला, असें महाभारत सांगतें. नियम मोडला, आणि तो कोणीं मोडला हें साऱ्या जगाला दिसलें. स्वायत्त शस्त्राच्या हातून असाच अधर्म झाला तर कोणाचा रथ खालीं येणार? सेनापति म्हणेल, यंत्रानें निवडलें. यंत्र घडविणारा म्हणेल, सेनापतीनें सोडलें. मंत्री म्हणेल, नियमाप्रमाणें झालें. सर्वांचे रथ जमिनीपासून चार अंगुळें वरच राहतील, आणि मेलेला मात्र मेलेलाच राहील.

राष्ट्रांच्या भूमिकांत संस्कृतीपेक्षां भय व हित यांचाच वांटा पुष्कळदां मोठा असतो, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. माणसांवर वापरावयाच्या सुरुंगांना बंदी करणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारांत सामील झालेल्या पोलंड, लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया व फिनलंड या देशांनीं २०२५ मध्यें त्यांतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्यांचा धर्म बदलला नव्हता, वाङ्मय बदललें नव्हतें. शेजारीं युद्ध पेटलें होतें, एवढेंच. भारताचेंही असेंच आहे. २०२३ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें स्वायत्त शस्त्रांसंबंधीं ठराव केला; १५२ राष्ट्रांनीं अनुकूल आणि चौघांनीं प्रतिकूल मत दिलें. त्या चौघांत रशिया, बेलारूस व माली यांच्या बरोबर भारत होता. ज्या मंडळांत मोठ्या लष्करांचीं राष्ट्रें बसतात तें जिनीव्हाचें मंडळच या चर्चेस योग्य, आणि बांधून टाकणारा करार करण्याची वेळ अद्याप आलेली नाहीं, अशी भारताची बाजू होती. सीमेवर दोन सबळ प्रतिस्पर्धी असलेल्या राष्ट्राची ही अडचण कोणी सुज्ञ मनुष्य हंसण्यावारी नेणार नाहीं. परंतु अडचणीला अडचणच म्हणावें. तिला संस्कृतीचें नांव देऊं नये. महाभारताचा आधार घ्यावयाचा तर तो उपसंहारासह घ्यावा लागेल.

आतां हा विषय आपल्या घरापर्यंत कसा येतो तें पाहूं. आपल्या वाचकांच्या घरोघरीं संगणकाचें व यंत्रांचें शिक्षण घेतलेलीं मुलें व मुली आहेत. कोणी पुण्यास, कोणी बंगळुरास, कोणी कॅलिफोर्नियांत काम करितात. पूर्वीं धर्माधर्माचा क्षण शिपायाच्या वांट्यास रणांगणावर येत असे. स्वायत्त शस्त्रांनीं तो क्षण तेथून उचलला आणि कित्येक महिने आधीं, शांत खोलींत, टेबलापाशीं बसलेल्या तरुणाच्या पुढें आणून ठेविला. किती साम्य आढळलें म्हणजे यंत्रानें आघात करावा, हा आंकडा कोणीतरी लिहितो. तो लिहितांना समोर कोणाचे जोडलेले हात नसतात, कोणाचें रडणें ऐकूं येत नाहीं. दुपारचा चहा असतो आणि संध्याकाळीं काम संपविण्याची घाई असते. मनूचा नियम आज पाळला जातो कीं मोडला जातो, तें त्या आंकड्यांत ठरतें.

२०१८ मध्यें अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठीं विमानांतून घेतलेलीं चित्रें संगणकाकडून तपासण्याचें काम गूगल कंपनीनें पत्करलें होतें, तेव्हां तिच्या तीन हजारांहून अधिक नोकरांनीं सही करून त्यास विरोध केला. कंपनीनें तो करार पुढें न चालविण्याचें ठरविलें, आणि आपली विद्या शस्त्रांसाठीं वापरणार नाहीं असें जाहीरही केलें. २०२५ च्या फेब्रुवारींत तें वचन तिच्या नियमांतून काढून टाकण्यांत आलें. कंपनीच्या वचनावर विसंबून आपल्या मुलांनीं स्वस्थ बसूं नये, एवढें यावरून उघड होतें.

याचा अर्थ लष्करासाठीं काम करणें हें पाप आहे, असा मुळींच नाहीं. गांवावर येणारें क्षेपणास्त्र वाटेंतच पाडणारें यंत्र प्राण वांचवितें, आणि तें बनविणाराचे आभारच मानले पाहिजेत. देशरक्षणाचें काम दुसऱ्यानें करावें व आपण सोंवळें राहावें, ही वृत्ति शोभणारी नाहीं. परंतु ज्या तरुणास असें काम मिळेल, त्यानें चार प्रश्न निःसंकोचपणें विचारावेत, आणि वडीलधाऱ्यांनींही पगाराची चौकशी करण्याच्या आधीं तेच विचारावेत. या यंत्राचा आघात होण्यापूर्वीं कोणा मनुष्याला खरोखर विचार करण्याइतका अवधि मिळतो काय, कीं त्याला केवळ कळ दाबण्यापुरतें बसविलें आहे? एकदां सोडल्यावर तें परत बोलावतां येतें काय? ज्या लोकांवर तें चालणार, त्यांच्या चालीरीति, त्यांचे पोशाख, त्यांचे सण हें सारें ज्यांस ठाऊक आहे अशा कोणीं त्याचे नमुने तपासले आहेत काय? आणि चूक झालीच, तर उत्तर देणाराचें नांव आजच लिहून ठेविलें आहे काय? या चारांपैकीं एकाचेंही उत्तर मिळत नसेल, तर तें काम नाकारण्याचें धैर्य दाखवावें. घरानेंही त्या धैर्याच्या पाठीशीं उभें राहावें.

असा करार २०२६ पर्यंत व्हावा, असें संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुतेरेस यांनीं २०२३ मध्यें सुचविलें होतें. करार केव्हां होईल आणि त्यांत कोण सामील होईल, हें मुत्सद्द्यांच्या हातीं आहे. प्रश्न विचारणें मात्र आपल्या हातीं आहे, आणि त्यासाठीं कोणत्याही ठरावाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. अस्त्र सोडण्याची विद्या आपल्या मुलांनीं चांगलीच संपादन केली आहे. तें आवरण्याची विद्याही ती शिकतील, इतकी काळजी आपण घ्यावी.